बारा कोऱ्या पट्ट्या

"किती दुखतं आता, गौराक्का? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"दोन," गौराक्का म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पेनाकडे बघून लगेच पुढं, "लिवा की बाई, दोन."

मी लिहिलं. त्यांच्या मागं कॉलेजच्या बाकावर अकरा जणी ओळीनं बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या उजव्या हातात मी केलेली पांढरी पट्टी होती. कुणी दोन म्हणालं, कुणी तीन, एकीचं तर चक्क एक. तीन महिन्यांपूर्वी याच बायका सात-आठच्या खाली उतरायला तयार नव्हत्या. मी कागद गोळा केले आणि मनातल्या मनात उडीच मारली.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करत होते, शेवटचं सत्र चालू होतं. आमच्या विषयाचं नाव काढलं की लोक विचारायचे, "म्हणजे फिजिओथेरपी का?" आणि माझं डोकं सटकायचं. दुखण्यामुळं माणसाचं रोजचं काम अडतं, जेवणखाण, अंघोळ, पोटापाण्याचा उद्योग, ते त्याला पुन्हा जमावं म्हणून आम्ही झटतो. एवढं साधं आहे ते. पण मी ते इतक्या तावातावानं सांगायचे की विचारणारा पुन्हा माझ्या वाटेला जायचा नाही.

माझा प्रबंध बेदाणा निवडणाऱ्या बायकांवर होता. सांगलीच्या बाजूला बेदाण्याच्या शेडी आहेत. तिथं बायका ताटापुढं मांडी घालून बसतात आणि दिवसभर बेदाण्याच्या काड्या चिमटीनं काढतात. दिवसाला किती हजार वेळा तो अंगठा दाबला जातो, देव जाणे. दोन-चार वर्षांत अंगठ्याचं बूड आणि मनगटाची कड ठणकायला लागते. एका शेडीतल्या बारा जणींना मी पट्टी दिली होती. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची, अंगठा आणि मनगट सावरून धरणारी, टोकाची बोटं मोकळी ठेवणारी, काम करताना घालायची. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या बारा जणींना नुसता व्यायाम. पट्टीवाल्यांनी रोज किती तास पट्टी घातली ते एका कागदावर खुणा करून आणायचं. पट्टीनं दुखणं उतरतं, हे मला दाखवायचं होतं, आणि आकडे बघता ते उतरलं होतं.

सोमवारी प्रबंध जमा करायचा होता. तो चुकला तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. आणि मला पुण्यात हातांच्या एका दवाखान्यात नोकरी मिळालेली, जुलैपासून, पण हातात निकाल असेल तरच. घरी पेढे वाटून झाले होते. माझ्या आईनं तर पुण्यातल्या खोलीसाठी भांड्यांची यादीही केली होती.

"सगळं उत्तम आहे, मंजिरी," आमच्या मार्गदर्शक नाडगौडा मॅडम म्हणाल्या. "फक्त एक फोटो हवा. कामाच्या जागी, पट्टी घालून, काम करताना. परीक्षकांना असलं आवडतं."

म्हणून गुरुवारी मी कॅमेरा घेऊन शेडीवर गेले. न सांगता गेले, कारण सांगायला कुणाकडं फोनच नव्हता.

शेडीच्या दारात थांबले आणि बघतच राहिले. पन्नासेक बायका ओळीत बसलेल्या, ताटांत बेदाण्याचे ढीग, गप्पा चाललेल्या, आणि हात झरझर चाललेले. माझ्या बारा जणी समोरच्याच ओळीत होत्या. एकीच्याही हातात पट्टी नव्हती.

"अगं बया, बाई आल्या!" कुणीतरी ओरडलं.

आणि जी धांदल उडाली! पिशव्या उघडल्या, डबे बाजूला झाले, फडक्यांच्या गाठी सुटल्या. मी दारातून पहिल्या ताटापाशी पोचेपर्यंत बाराही जणींच्या हातांत पट्ट्या चढल्या होत्या. गौराक्का तर पुढं आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काडा की फोटू. कशा बसू, सांगा."

मी फोटो काढले. हो, काढले! हात आपोआप चालले. पण कॅमेऱ्यातून जवळून बघताना मला त्या पट्ट्या दिसल्या. पट्टीच्या चिकटणाऱ्या बंदांवर तीन महिन्यांत काय काय चिकटायला हवं होतं, केस, सुतळीचे धागे, बेदाण्याचा चिकटा. यांच्या पट्ट्या मात्र मी दिल्या त्या दिवसासारख्या कोऱ्या करकरीत होत्या.

"गौराक्का, या रोज घालता ना तुम्ही?"

"व्हय की."

"आत्ता नव्हत्या घातल्या."

"आत्ता हात धुतलं हुतं."

"बारा जणींनी एकदम?"

मी त्यांच्या पिशवीकडं हात केला. "या पंधरवड्याचे खुणांचे कागद दाखवा."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. बारा जणींचे बारा कागद, सगळे त्यांच्याच पिशवीत, व्यवस्थित घडी घालून, वर रबर लावलेलं. गौराक्कांची शाळा चौथीपर्यंत झाली होती, ओळीत तेवढ्या एकट्या शिकलेल्या. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की त्या कडुलिंबाखाली बसायच्या आणि सगळ्यांच्या खुणा करायच्या. आणि मला हे सांगताना त्यांच्या तोंडावर लाज नव्हती बरं का, थोडी शाबासकीची अपेक्षाच होती.

"रोज सारख्याच खुणा न्हाई टाकत मी," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येक तास कमी टाकायचा. ही शालन बाजाराला जाती, तिचं शनवारी कमी. कुणी बघितलं तर खरं वाटाय पायजे."

माझा राग नाकावर तेव्हाही असायचा, आणि आता तर तो डोक्यात गेला. काय काय बोलले मी त्या बायकांना! तीन महिने मला फसवलंत, माझ्या कष्टांवर पाणी फिरवलंत, एकीलाही सांगावंसं वाटलं नाही का. सगळी शेड हात थांबवून ऐकत होती.

"फसवलं न्हाई ओ," गौराक्का हळू म्हणाल्या. "पयल्या दिवशी तुमीच म्हनलासा, कागद भरून आलं न्हाईत तर माजी डिग्री गेली. म्हनून भरलं."

मी ऐकून घ्यायला थांबलेच नाही. तरातरा चालत रस्त्यावर आले आणि मिळालेल्या पहिल्या टेम्पोत बसले.

शुक्रवारी सकाळी मी मॅडमपुढं उभी राहिले. त्यांनी फोटो टेबलावर पसरले.

"वा. किती स्वच्छ आलेत."

"मॅडम, पट्ट्याच स्वच्छ आहेत," म्हणून मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, ते आवरलं नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. तीस वर्षं त्या विभागात काढलेली बाई, सात विद्यार्थी एकाच वेळी प्रबंध जमा करणारे, डोकं कायम दुखणारं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "बघ, खोटे आकडे छापायचे नाहीत. त्यावर मी सही करणार नाही. पण रुग्ण सूचना पाळत नाहीत, हे काही जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. त्या बारा जणींनी पट्टी वापरली नाही, असं सरळ लिही. एक तक्ता दे, न वापरण्याची कारणं दे, आणि त्यावर चार पानं चर्चा कर. प्रबंध लंगडा होईल, पण पास होशील."

"सोमवारी जमा करता येईल?"

"दोन दिवसांत कारणं आणलीस तर येईल."

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, नुसता जीव आला नाही, मजाही वाटली. त्यांनी मला फसवलं होतं ना, मग आता त्यांचीच चूक त्यांच्याच नावावर पांढऱ्यावर काळी होऊन छापली जाणार होती. रात्री जेवायच्या आत मी तक्ता आखून ठेवला. विसरल्या. कामात अडथळा येतो. लाज वाटते. महत्त्व कळलं नाही. इतर. प्रत्येकीच्या नावापुढं एक खूण करायची, बास.

शनिवारी अकरा वाजता मी पुन्हा शेडीवर. या वेळी कुणी ओरडलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या आणि काड्या काढत राहिल्या. गौराक्का उठून आल्या. दोन दिवसांत त्यांचं तोंड उतरलं होतं.

"चा घेता?"

"नको. कामाचं विचारायला आलेय. पट्टी का नाही घातली, एवढंच सांगा. विसरलात? कामात अडथळा यायचा? लाज वाटायची?"

त्यांनी माझ्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमाला बरं पडंल ते टाका," त्या म्हणाल्या.

मी पेन टेकवलंसुद्धा होतं. "महत्त्व कळलं नाही" या रकान्यावर. आणि तिथंच थांबले. तीन महिने दर पंधरा दिवसांनी मी या बाईला प्रश्न विचारत होते आणि ती मला बरं पडेल ते सांगत होती. दोन. लिवा की बाई.

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, त्यांना त्यांच्या ताटापाशी नेऊन बसवलं आणि समोर खाली जमिनीवर बसले.

"गौराक्का, मला बरं नको पडायला. खरं काय ते सांगा."

"राग न्हाई न्हवं येनार? परवा लई बोललासा."

"नाही येणार. आणि परवाचं चुकलं माझं."

त्यांनी मागं वळून शालनकडं बघितलं. शालन मान खाली घालून बसली होती, पण तिचे हात थांबले होते.

"बोचती ओ," गौराक्का म्हणाल्या.

"काय?"

"पट्टी. हितं." त्यांनी मनगटाच्या कडेचं हाड दाखवलं, अंगठ्याच्या बाजूचं. "पयलं चार दिस घातली आमी सगळ्यांनी. दुखनं हुतं त्याच्यावरच घासाय लागली. शालनचं तर कातडं गेलं. मग काडून ठिवली."

"मग मला सांगायचं नाही का? पंधरा दिवसांनी मी समोरच होते तुमच्या!"

"कसं सांगायचं?" त्या एकदम कळवळून म्हणाल्या. "तुमी किती हौसेनं केलासा. गरम पान्यात घालायचं, मग माझा हात असा दोनी हातांत धरून बसलासा, गार हुस्तोवर. 'छान बसली, छान बसली' म्हनत हुतासा. माझा हात आजवर असा कुनी धरला न्हाई, बाई. त्या लेकराच्या तोंडावर सांगायचं व्हय, बोचती म्हनून?"

आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही एक गोष्ट पाठ असते. पट्टी केली की ती रुग्णाला घालून वीस मिनिटं बसवायचं. मग काढायची आणि कातडी बघायची. लाल ठसा उठला असेल तर तिथं पट्टी दाबतेय, ती पुन्हा गरम करून सैल करायची. हे केल्याशिवाय रुग्णाला घरी सोडायचं नाही. पट्ट्या केल्या त्या मंगळवारी बाराही जणी एकाच दुपारी आल्या होत्या. त्यांची गावाकडची गाडी सव्वापाचला सुटायची आणि बारावी पट्टी झाली तेव्हा पाच वाजले होते. मी म्हणाले, जाऊ दे, मला तर दिसतंयच छान बसलेली. आणि त्यानंतर तीन महिने मी आकडे लिहून घेत होते. एकदाही मी एखादीची पट्टी काढून खालचं मनगट बघितलं नाही.

"घाला बरं आत्ता," मी म्हणाले.

गौराक्कांनी फडक्यातून पट्टी काढून घातली. मी घड्याळ बघितलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. मी ताटातल्या काड्या काढायला लागले. पाच मिनिटांत माझा अंगठा भरून आला आणि त्या माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसल्या.

"न्हाई जमायचं तुमाला," त्या म्हणाल्या. "चिमूट अशी न्हाई, अशी धरायची."

वीस मिनिटांनी मी पट्टी काढली. हाडावर रुपयाएवढा लालभडक ठसा होता. मी त्यावर बोट ठेवलं तर त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"आता खरं सांगा. किती दुखतं?"

"लई दुखतं ओ," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सकाळी उठलं की पेला धरवत न्हाई. केसांचा बुचडा घालता येत न्हाई मला, सून घालती. तुमचं दोन न् तीन मला कळतच न्हवतं. तुमी हसून लिवायचा, म्हनून बारका आकडा सांगायचो आमी."

हे ऐकून शालन उठली. ती आली आणि तिनं हात पुढं केला, मनगटावर वाळलेली खपली गेल्याचा पांढरा डाग होता. तिच्या मागं आणखी एक आली. मग बाकीच्या सगळ्या. माझ्याभोवती बायकांचं कोंडाळं झालं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या, हितं लागतं, माझ्या बोटाच्या बेचक्यात लागतं, माझी मोठी झाली, माझी तर फिरतीच हातात. मी एकेकीचा हात हातात घेऊन बघत होते. बारापैकी नऊ जणींच्या मनगटाला एकाच जागी लागत होतं. तीन महिन्यांच्या प्रबंधात मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या तासाभरात कळलं, आणि त्यातलं एक अक्षरही मी लिहून आणलेल्या प्रबंधात बसणारं नव्हतं. "रुग्णांनी सूचना पाळल्या नाहीत" असं लिहिता येणार नव्हतं. सूचना मीच पाळली नव्हती.

शेडीबाहेर येऊन मी कडुलिंबाखाली बसले. पुण्याची नोकरी गेली, हे मला तिथंच कळून चुकलं. आईला काय सांगायचं, ती भांड्यांची यादी, मॅडमचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खूप वाईट वाटत होतं. अजून कुणाला काहीच कळलेलं नाही, सोमवारी तो तक्ता भरून दिला तरी कुणी शेडीवर येऊन विचारणार नाही, हेही मनात येऊन गेलं. नाही कशाला म्हणू?

गौराक्का मागून चहा घेऊन आल्या. डाव्या हातात धरून आल्या, ते मला आज पहिल्यांदा दिसलं.

"मग तुमची डिग्री?"

"या वेळी नाही. सहा महिन्यांनी."

"आमच्यामुळं?"

"नाही, गौराक्का. माझ्यामुळं. पट्ट्या मी नीट केल्या नव्हत्या. सगळं पहिल्यापासून करायचं आता."

त्या माझा चहा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील की आम्हाला सोडा, पुरे झालं, दुसऱ्या बायका बघा. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी कुठल्या तोंडानं आग्रह करणार होते?

"म्हंजे आमी परत यायचं कॉलेजात?"

"याल?"

"सगळ्या?"

"सगळ्या. पण एका दिवशी दोघीच. घाई नको."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. मग आपलं उजवं मनगट माझ्या नाकासमोर धरून, तीन महिन्यांत कधी ऐकला नव्हता अशा चढ्या आवाजात म्हणाल्या,

"मग या वक्ताला हितं ढिली करा. आन् ही कड कापा. न्हाईतर मी घालायची न्हाई, सांगून ठिवते."

"कापते," मी म्हणाले.

"आत्ताच खूण करून घ्या. इसराल."

मी पर्समधून पेन काढलं आणि त्यांनी बोट ठेवलं होतं तिथं, त्यांच्या मनगटावरच, खूण केली.